वंध्यत्व-चिकित्सेची पहिली भेट व तिचा पूर्वेतिहास
(नभोवाणीवरील भाषण)



आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो घरांत मोठ्यानें बोलण्याचा नव्हे, असें आपण आजवर मानीत आलों आहों. मूल होत नाहीं म्हणून एखादें जोडपें प्रथमच डॉक्टरांकडे जातें, तेव्हां तेथें त्यास काय विचारतात, कोणत्या तपासण्या होतात, आणि आज ज्या रीतीनें त्या होतात ती रीत कोठून आली, एवढाच माझा विषय आहे. मी डॉक्टर नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि प्राथमिक शाळेंत सारी उमर घालवून निवृत्त झालेला मास्तर आहें. तथापि या प्रश्नाचा कांहीं इतिहास माझ्या घरांतून गेला आहे, म्हणून तो सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असें मी समजतों.

माझें गांव पिंपळगांव रेणुकाई, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत आहे. बाहेरच्या लोकांस तें मिरचीच्या बाजारामुळें ठाऊक असतें. गांवाच्या नांवांत मात्र रेणुकामाता आहे. जमदग्नीची पत्नी, परशुरामाची आई, जिचें मस्तक मुलानें बापाच्या आज्ञेवरून उडविलें आणि मुलाच्याच मागण्यावरून जी पुन्हां जिवंत झाली, अशी ती देवी. तिचें मोठें ठाणें माहूर. मूल नसलेल्या बायांनीं तिची ओटी भरावी, नवस बोलावा, ही चाल आमच्याकडे किती जुनी आहे कोण जाणे. रेणु म्हणजे मातीचा कण. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'लज्जागौरी' या ग्रंथांत रेणुकेचें नातें एका अतिप्राचीन मातृदेवतेशीं जोडून दाखविलें आहे. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें या देवतेच्या लहान मूर्ति सांपडल्या आहेत. तिला मस्तक नसतें, किंवा मस्तकाच्या जागीं कमळ असतें, आणि बसण्याची ढब प्रसूत होणाऱ्या स्त्रीची असते. मुखावांचून केवळ प्रसवणारी देवता! माझ्या मनांत पुष्कळदां येतें कीं, आपल्या समाजानें घरच्या बाईकडेहि बराच काळ याच दृष्टीनें पाहिलें.

आमच्या भागांतून अजिंठ्याचीं लेणीं फार दूर नाहींत. शाळेच्या सहली घेऊन मी तेथें कितीदां गेलों असेन. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत, उजव्या हाताच्या एका लहानशा गाभाऱ्यांत, हारीती आणि तिचा पति पांचिक यांची मोठी शिल्पाकृति आहे. ती इसवी सनाच्या पांचव्या शतकांतली. हारीती ही मूळची लेकरें खाणारी यक्षी. बुद्धानें तिचें सर्वांत धाकटें मूल लपवून ठेविलें, तेव्हां दुसऱ्या आयांचें दुःख काय असतें हें तिला कळलें आणि ती मुलांची रक्षणकर्ती बनली, अशी कथा आहे. संततीच्या इच्छेनें लोक तिची पूजा करीत. त्या मूर्तींच्या पायथ्याशीं एक शाळा कोरलेली आहे : हातांत छडी घेतलेले पंतोजी, पुढें अभ्यास करणारीं दोनचार मुलें, आणि मागें खेळांत रमलेलीं बाकीचीं. माझे विद्यार्थी तें पाहून माझ्याकडे पाहत व हंसत. मीहि तीस वर्षें त्या पंतोजींकडेच पाहिलें. हारीती तेथें एकटी बसलेली नाहीं, तिच्या शेजारीं तितक्याच ऐसपैस तिचा नवराहि बसलेला आहे, ही गोष्ट निवृत्त झाल्यावर माझ्या लक्षांत आली.

आपल्या पुराणांतील पुरुष या बाबतींत अगदीं निर्दोष सुटलेले नाहींत. विचित्रवीर्य दोन राण्या मागें ठेवून निपुत्रिक वारला आणि वंश चालावा म्हणून व्यासांस बोलवावें लागलें. पंडूस शाप होता. परंतु पुरुषाचें न्यून हें शाप किंवा दैवाचा कोप या रूपानें बाहेरून येतें. बाईचें न्यून मात्र तिच्या कुशीचेंच ठरतें. दशरथास तीन राण्या असून मूल नव्हतें. हीं चौघें आजच्या एखाद्या डॉक्टरीणबाईंसमोर गेलीं असतीं, तर त्यांनीं आधीं राजाचीच तपासणी केली असती. मनुस्मृतींत वंध्या स्त्रीस आठव्या वर्षीं बाजूस सारून दुसरी करण्याची मुभा आहे. हा आठव्या वर्षाचा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें माझ्याहि गोष्टींत येणार आहे.

वैद्यकशास्त्र त्या मानानें अधिक न्यायी होतें. गर्भधारणेस सुश्रुतानें चार गोष्टी आवश्यक सांगितल्या : ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज. हा सरळ शेतकऱ्याचा हिशेब आहे : वेळ, जमीन, पाणी आणि बियाणें. शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचा तर आरंभच पुरुषाच्या बीजाच्या दोषांपासून होतो. आमच्या भागांतला शेतकरी पेरणी उगवली नाहीं तर पहिल्यानें बियाण्याच्या पिशवीस शिव्या घालतो. जमीन वाईट आहे असें म्हणावयास तो सर्वांत शेवटीं तयार होतो. घरांत मात्र हा क्रम नेमका उलटा होई.

शब्दच पाहा ना. 'वांझ', 'वांझोटी' हे शब्द बाईस, गाईस आणि झाडास लागतात. पुरुषास आपण 'निपुत्रिक' म्हणतों, आणि त्यांत दोषापेक्षां कींवच अधिक असते. वांझोटीस डोहाळजेवणास बोलावीत नसत. बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हातीं देत नसत. कोणाचें तान्हें मूल तिनें जरा निरखून पाहिलें कीं त्याची आई पदर ओढून घेई. निपुत्रिक पुरुष खुशाल गांवचा पंच होऊन बसे.

या प्रश्नापायीं राज्यें गेलीं, हें आपण शाळेंत शिकतों. ५ एप्रिल १८४८ रोजीं साताऱ्याचे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज औरस पुत्रावांचून वारले. १८५३ च्या नोव्हेंबरांत झांशीचे गंगाधरराव, आणि डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले. डलहौसीनें दत्तकाचा हक्क नाकारून तिन्ही संस्थानें खालसा केलीं. ही सनावळी मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतली. त्या महालांतल्या राण्यांना काय ऐकून घ्यावें लागलें असेल, हा प्रश्न मात्र मीं एकाहि परीक्षेंत घातला नाहीं.

आतां दवाखान्याकडे वळूं. पुरुषाचें बीज डोळ्यांस प्रथम दिसलें तें १६७७ सालीं, हॉलंडांतील लेव्हनहुक या कापडाच्या व्यापाऱ्यास, स्वतः घांसलेल्या भिंगांतून. स्त्रीबीज दिसावयास आणखी दीडशें वर्षें लागलीं. १८२७ सालीं फॉन बेअर यांनीं तें दाखविलें. तें बीज महिन्यांत केव्हां सुटतें याचा बरोबर अदमास जपानचे ओगिनो व ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनीं १९२० नंतरच्या दशकांत बांधला. गर्भनलिका मोकळ्या आहेत कीं बंद, हें क्ष-किरणांनीं पाहण्याची युक्ति १९१४ सालीं निघाली आणि १९२० सालीं रुबिन यांनीं वायु सोडून तीच परीक्षा करून दाखविली. पुरुषाच्या शुक्रजंतूंची पद्धतशीर मोजणी करून तिचा अपत्यप्राप्तीशीं संबंध जोडणारा मॅकोम्बर व सँडर्स यांचा निबंध मात्र अमेरिकेंत १९२९ सालीं प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शक अडीचशें वर्षें हाताशीं होता. तरी नवऱ्याची मोजदाद बायकोच्या नलिकांनंतर व्हावी, याचें कारण मला यंत्रांत सांपडत नाहीं.

मराठींतून या विषयावर उघडपणें बोलण्याची वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं पाडली. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें. लंडनला मेरी स्टोप्स यांचा दवाखानाहि त्याच सालचा. १९२७ पासून १९५३ सालीं मरण येईपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचा खटाटोप नको असलेलें मूल टळावें म्हणून होता आणि आपला विषय हवें असलेलें मूल होत नाहीं हा आहे. परंतु दार एकच. शरीराच्या या भागांना मराठींत नांवें आहेत आणि तीं डॉक्टरांसमोर न लाजतां उच्चारतां येतात, हें त्यांनीं शिकविलें. आज जो पहिला अर्धा तास डॉक्टर प्रश्न विचारण्यांत घालवितात, तो त्या धैर्याशिवाय मराठींत झालाच नसता. पुढें गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं गर्भाशयाच्या मुखास टांका घालून वारंवार होणारे गर्भपात थांबविण्याची शस्त्रक्रिया १९५५ सालीं जगापुढें मांडली. त्यांच्या नांवाचा टांका परदेशांतहि घालतात.

आतां १९७८ सालाकडे येऊं. ढेऱ्यांचें 'लज्जागौरी' ज्या सालीं निघालें तेंच हें साल. त्या वर्षीं २५ जुलै रोजीं इंग्लंडांत ओल्डहॅम येथें लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मली. आईच्या नलिका बंद होत्या. म्हणून स्त्रीबीज बाहेर काढून, काचपात्रांत त्याचा संयोग घडवून, गर्भ परत आंत ठेवला होता. यामागें स्टेप्टो, एडवर्ड्स आणि जीन पर्डी या तिघांचे श्रम होते. एडवर्ड्स यांना २०१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत बाकीचीं दोघें हयात नव्हतीं. लुईझच्या मागोमाग सत्तराव्या दिवशीं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यास दुर्गा नांवाची मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीं तर गर्भ गोठवून ठेवून मग तो आंत ठेवला होता. हीच रीत पुढें जगभर रूढ झाली. परंतु सरकारी समितीनें त्यांच्यावर विश्वास ठेविला नाहीं, परदेशीं जाऊन निबंध वाचण्यास परवानगी मिळाली नाहीं, आणि शेवटीं त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेंत झाली. १९ जून १९८१ रोजीं त्यांनीं आत्महत्या केली.

६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत हर्षा ही मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन-संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीं हें काम केलें, त्याच्या रीतसर नोंदी ठेवल्या, आणि भारतांतील पहिलें नलिका-बालक म्हणून हर्षेचें नांव झालें. के. ई. एम. हें महानगरपालिकेचें रुग्णालय, श्रीमंतांचें नव्हे, ही गोष्ट मला विशेष वाटते. त्याहून विशेष पुढची. मुखोपाध्यायांचे हातचे कागद पुढें आनंदकुमारांच्या पाहण्यांत आले. ते त्यांनीं बारकाईनें तपासले आणि १९९७ सालीं स्वतः लिहून जाहीर केलें कीं पहिलेपणाचा मान कलकत्त्याच्या त्या मृत डॉक्टरांचा आहे, आपला नव्हे. स्वतःचा पहिला नंबर असा आपल्या हातानें खोडणारा मनुष्य मला इतिहासांत फारसा आढळला नाहीं.

हर्षेच्या जन्माची बातमी आमच्या गांवीं वर्तमानपत्रांतून आली, आणि येथून माझी गोष्ट सुरू होते.

माझें लग्न १९८० सालचें. १९८६ पर्यंत मूल नव्हतें. पत्नीनें सोळा सोमवार केले, रेणुकाईची ओटी भरली, माहूरला पायीं जाऊन आली, गंडेदोरे बांधले. कोणी सांगे, पिशवी उलटी आहे. कोणी सांगे, कोणाची तरी नजर आहे. ती बातमी वाचून मी म्हणालों, आपण डॉक्टरांस दाखवूं. एका मोठ्या गांवच्या दवाखान्यांत दीड वर्ष आमच्या खेपा झाल्या. तिच्या नलिकांचा क्ष-किरण फोटो निघाला. दोनदां पिशवी धुतली. फोटोच्या दिवशीं तिच्या किंकाळ्या मला बाहेर ऐकूं आल्या. मी बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. त्या दीड वर्षांत मला कोणीहि एक प्रश्न विचारला नाहीं, आणि मीहि कोणास विचारला नाहीं. इतक्यांत लग्नाचें आठवें वर्ष लागलें, आणि आमच्यांतलीं वडीलधारीं मंडळी पत्नीच्या धाकट्या मावसबहिणीचें नांव काढूं लागलीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें दुसरी बायको करणें बंद झालेलें होतें. पण तो कायदा ओसरीवरील बैठकींत कोणाच्या तोंडीं आला नाहीं.

पुढें कोणी सुचविल्यावरून आम्ही दुसरीकडे गेलों. तेथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनीं सगळे कागद चाळले, चष्मा काढला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, यांत तुमचा कागद कोठें आहे?" चार दिवसांनीं माझा कागद झाला. न्यून माझ्यांत होतें, आणि मोठें होतें. त्या काळीं त्यावर उपाय नव्हता. एकच शुक्रजंतु सुईनें स्त्रीबीजांत सोडण्याची क्रिया ब्रुसेल्स येथें १९९२ सालीं यशस्वी झाली. ती आमच्या आटोक्यांत येईपर्यंत आमचें वय निघून गेलें.

परंतु मला सांगावयाचें आहे तें हें नव्हे. तो कागद मीं पेटींत ठेविला आणि घरीं सांगितलें कीं, "दोघांचेंहि ठीक आहे, देवाची इच्छा." वर्षभर मी तेंच सांगत राहिलों. त्या वर्षींहि लोक तिलाच वांझोटी म्हणत होते, आणि तिला खरें ठाऊक असून तिनें मला कधीं उघडें पाडलें नाहीं. शेवटीं १९८९ सालच्या दिवाळींत मीं आईस सांगितलें. आई कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत शेजारीं बारसें होतें. सुनेला ती स्वतः हात धरून घेऊन गेली आणि पाळण्याची दोरी तिच्या हातीं दिली.

गेल्या वर्षीं माझा पुतण्या आणि सूनबाई यांच्यासंगें मी संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, अशाच एका दवाखान्यांत गेलों. त्यांच्या लग्नास तीन वर्षें झालीं होतीं. सर्वसाधारण नियम असा कीं, कोणतेंहि साधन न वापरतां वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहींत तर दाखवावें. बाईचें वय पस्तिशीपुढें असेल तर सहा महिन्यांतच. पाळी फार अनियमित असेल, पूर्वीं क्षय झाला असेल, पोटाची किंवा वृषणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तितकेंहि थांबूं नये. आमच्या मुलांनीं दोन वर्षें जादा घालविलीं, त्यांतलें निम्मेंअधिक उपासांत. मीं बोलावयास हवें होतें. पण काकानें या विषयावर बोलावें कसें, म्हणून मी बोललों नाहीं. जुनी खोड.

बसण्याच्या खोलींत मीं मोजलें, मास्तरची संवय. सतरा बाया आणि नऊ पुरुष. कित्येक सुना सासूबरोबर आल्या होत्या. नांव नोंदविणारी मुलगी प्रत्येकीस विचारी, "मिस्टर आलेत का?" एकीचे मिस्टर पुण्यास कंपनींत होते. मुलगी म्हणाली, "ताई, पुढच्या खेपेस दोघं मिळून या, नाहींतर निम्मंच काम होईल." सासूस तें आवडलें नाहीं. मला मात्र तें वाक्य ऐकावयास पस्तीस वर्षें उशीर झाला होता.

आंत मी गेलों नाहीं. पुढें सांगतों तें त्या दोघांनीं मागाहून सांगितलेलें आणि डॉक्टरांनीं मला समजावून दिलेलें आहे. पहिल्या दिवशीं उपचार बहुधा सुरू होत नाहींत. तो दिवस विचारपुशीचा असतो. पाळी कोणत्या वयांत आली, किती दिवसांनीं येते, मागच्या सहा महिन्यांच्या तारखा काय, हें विचारतात. म्हणून त्या तारखा घरूनच लिहून न्याव्या. खोलींत गेल्यावर घाबरून आठवत नाहींत. पूर्वीं दिवस गेले होते काय, गर्भपात झाला होता काय, हें प्रत्येकाला एकेकटें गांठूनहि विचारतात, आणि सांगितलेलें सासरीं कळवीत नाहींत. पुरुषास गालगुंड होऊन वृषण सुजले होते काय, भट्टीजवळचें काम आहे काय, फवारणी करतो काय, दारू किती, तंबाखू किती, हे प्रश्न असतात. संबंध किती वेळां येतो आणि त्यांत अडचण काय, हेंहि विचारतात. पुतण्या म्हणाला, "काका, पहिलीं पांच मिनिटं मान वर झाली नाहीं. मग डॉक्टर इतक्या सहजपणें लिहीत होत्या कीं मीहि खताचा हिशेब सांगावा तसं सांगितलं." आपसांतील संबंधच नीट येत नाहीं, एवढेंच कारण कांहीं जोडप्यांत निघतें, त्याला औषधापेक्षां बोलणें अधिक लागतें.

मग बाईची तपासणी. सोनोग्राफी बहुधा योनिमार्गानें करतात, कारण त्यानें बीजकोश व गर्भाशय स्पष्ट दिसतात. डॉक्टर आधीं सांगतात आणि परवानगी घेतात. जवळ परिचारिका असावी असें म्हणण्याचा हक्क बाईस आहे. रक्त घेऊन थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बीजांचा सांठा दाखविणारी ए. एम. एच. ही तपासणी होते. कांहीं तपासण्यांसाठीं पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं पुन्हां बोलावितात. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र त्याच दिवशीं सुरू करतात. नलिकांचा फोटो पाळी संपल्यावर, दिवस राहण्यापूर्वीं काढतात. आधीं वेदनाशामक देतां येतें. आपल्या देशांत नलिका बंद होण्यामागें क्षय पुष्कळदां असतो, म्हणून त्याची चौकशी होते.

पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त, आणि तिला टोंचणें सुद्धां नाहीं. दोन ते सात दिवस संबंध टाळून, दवाखान्यांतल्याच एका बंद खोलींत नमुना द्यावयाचा. घरून आणावयाचा तर तासाभराच्या आंत पोंचला पाहिजे. म्हणजे आमच्या गांवाहून एस. टी. नें तें साधत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेंत एका मिलिलिटरास एक कोटि साठ लक्ष ही खालची मर्यादा धरली आहे. परंतु त्याखालीं गेलें कीं मूल होणारच नाहीं, असा तिचा अर्थ नव्हे. जोराचा ताप येऊन गेला असला तरी संख्या दोनतीन महिने कमी राहते, म्हणून एकदां कमी आली तर पुन्हां तपासतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाचा कांहीं ना कांहीं वाटा असतो. जागतिक संघटनेनें २०२३ सालीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें जगांत सहा प्रौढ माणसांमागें एकास आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा प्रश्न भोंवतो. सहांत एक! म्हणजे आमच्या आळींत आम्ही एकटे नव्हतों. गप्प बसणारे तेवढे पुष्कळ होते.

पैशाविषयीं लाजूं नये. पहिल्याच भेटींत विचारावें कीं तपासण्यांस किती लागेल, पुढें किती लागेल, आणि आमच्या वयाच्या जोडप्यांस यश किती येतें. नलिका-बालकाचा उपचार करणारें केंद्र नोंदलेलें असलें पाहिजे, त्यानें दोघांची लेखी संमति घेतली पाहिजे, आणि तो उपचार घेणाऱ्या बाईचें वय २१ ते ५० व पुरुषाचें २१ ते ५५ असावें, असें २०२१ च्या कायद्यानें ठरविलें आहे. पहिल्याच दिवशीं घाई करून मोठी रक्कम भरावयास लावणाऱ्याकडून उठून यावें. मुलगाच हवा, ही मागणी तर तोंडांतून काढूंच नये. गर्भलिंग-परीक्षेविरुद्ध देशांत पहिला कायदा महाराष्ट्रानेंच १९८८ सालीं केला आणि १९९४ सालीं तो साऱ्या देशासाठीं झाला.

पंधरा दिवसांनीं आमच्या मुलांचे कागद आले. सूनबाईंच्या थायरॉइडमध्यें थोडा बिघाड आहे, आणि पुतण्याची संख्या थोडी कमी आहे. तंबाखू सोडून तीन महिन्यांनीं फिरून तपासूं, असें त्याला सांगितलें आहे. घरीं आल्यावर त्यानें दोन्ही कागद आपल्या आईसमोर चुलीपाशीं वाचून दाखविले; कोणाचा कोणता हें सांगून वाचले. वहिनी म्हणाल्या, "मग तंबाखू सोड कीं मेल्या," आणि भाकरी थापूं लागल्या.

हें भाषण येथें येण्यापूर्वीं मीं पत्नीस वाचून दाखविलें. तिनें दोन वाक्यें गाळावयास सांगितलीं. तीं गाळलीं आहेत. बाकीचें राहूं द्या म्हणाली. मुलांची पुढची तारीख आतां येईल. त्या दिवशीं मी जाणार नाहीं. दोघंच जाऊं, असें तीं म्हणालीं आहेत.